सीबीटी-खेळोपचार ऑनलाइन घ्यायचा असेल तर: नव्या समुपदेशकांसाठी टप्प्याटप्प्याने

चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर खेळोपचार करायचा म्हटलं की बहुतेक नवे समुपदेशक बिचकतात. मूल पडद्यासमोर बसेल का, बाहुल्या कशा पोचवायच्या, मध्येच नेट गेलं तर काय, असे प्रश्न मलाही रोज कुणी ना कुणी विचारतं. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब राहणारं कुटुंब, आठवड्यातून एकदा एसटीने येणं न परवडणारे पालक, परदेशात मराठी बोलणारा समुपदेशक शोधणारे आईबाबा, यांच्यासाठी अनेकदा हाच एक मार्ग असतो. म्हणून तो नीट शिकून घेतलाच पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी. सीबीटी-खेळोपचार, म्हणजे कॉग्निटिव्ह-बिहेवियरल प्ले थेरपी (खेळातून विचार आणि वागणं यांवर काम), ही पद्धत सुसान नेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडली. त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1993 साली आलं. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारांचा, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीचा, गाभा त्यांनी साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळातून उतरवला. मोठ्या माणसाबरोबर ‘हा विचार कितपत खरा आहे’ अशी चर्चा करता येते, पाच वर्षांच्या मुलाबरोबर ती होत नाही. तिथे बाहुली घाबरते, बाहुलीच हळूहळू प्रसंग निभावून नेते, मूल ते पाहतं आणि मग स्वतः करून बघतं.

ऑनलाइन आल्यावर मोह होतो तो खेळच पडद्यावर नेण्याचा: डिजिटल बोर्ड, क्लिक करायचे खेळ, रंगीत स्लाइड्स. मुलं खूश होतात, पालकही खूश होतात. पण माझं मत ठाम आहे. खेळ मुलाच्या हातात राहिला पाहिजे, पडद्यावर फक्त आपण असावं. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने मांडले आहेत.

1. हे मूल ऑनलाइन घ्यायचं का, ते आधी ठरवा

भीती, आईबाबांपासून दूर राहताना होणारा त्रास, झोपेच्या तक्रारी, शी-शूच्या सवयी, शाळेत न बोलणं, रागाचा भडका, बदलाशी जुळवून घेणं अशा तक्रारींवर ऑनलाइन काम चांगलं होऊ शकतं. घरात मारहाण चालू असेल, त्रास देणारी व्यक्ती त्याच घरात राहत असल्याचा संशय असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, किंवा सत्राच्या वेळी घरात एकही जबाबदार मोठं माणूस नसेल, तर ऑनलाइन सुरू करू नका. जवळच्या बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवा आणि ते कुटुंब तिथे पोचलं का, याची खात्री करून घ्या.

पहिल्या फोनवरच हे विचारायचं. फी ठरली, वेळ ठरली आणि मग नाही म्हणायची पाळी आली तर पालक दुखावतात आणि मूल आणखी काही महिने मदतीवाचून राहतं.

2. कागदपत्रं

ही यादी हाताशी ठेवा:

- पालकांचं लेखी संमतीपत्र. आईबाबा विभक्त असतील तर ताबा कोणाकडे आहे ते विचारा आणि न्यायालयाचा आदेश पाहून घ्या.
- पालकांचं ओळखपत्र, मुलाची जन्मतारीख.
- आपत्कालीन कागद: मूल बसतं त्या घराचा पूर्ण पत्ता, दोन मोठ्यांचे फोन नंबर, शेजारच्या एका विश्वासू व्यक्तीचा नंबर, जवळचं रुग्णालय, जवळचं पोलीस ठाणं.
- गोपनीयतेचे नियम, फी, सत्र रद्द करण्याचे नियम.
- तुमची पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. नसेल तर समुपदेशक एवढंच लिहा.

25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, पण दोन्ही बाजूंची ओळख, संमती, नोंदी आणि लहान मुलासोबत मोठी व्यक्ती असणं हा त्यातला साचा आपणही पाळावा.

पॉक्सो कायदा 2012 (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) मधली गोष्ट संमतीपत्रात साध्या मराठीत लिहा आणि तोंडीही सांगा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे, आणि समुपदेशकाची गोपनीयता तिथे आड येत नाही. चाइल्ड हेल्पलाइन 1098, टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 आणि आपत्कालीन 112 हे तीन नंबर पालकांना त्याच कागदावर छापून द्या.

मूल परदेशात असेल तर आणखी एक काळजी घ्या. अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा असतो आणि मूल सत्राच्या वेळी ज्या राज्यात बसलंय तिथला नियम सहसा लागू होतो. ‘आपलाच मुलगा आहे, मराठीत दोन गोष्टी बोला’ एवढ्यावर उपचार सुरू करू नका.

रेकॉर्डिंगबद्दलही स्पष्ट लिहा: तुम्ही करणार नाही, पालकांनीही करायचं नाही. आजोबा कौतुकाने नातीचा बाहुलीशी बोलतानाचा व्हिडिओ काढतात आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. हेतू चांगला असतो, पण मुलाने मनातलं जे सांगितलं ते वीस नातेवाइकांपर्यंत पोचतं.

3. पहिलं पूर्ण सत्र फक्त मोठ्यांसाठी

हे सत्र कधीही वगळू नका. क्लिनिकमध्ये खोली आपली असते. ऑनलाइनमध्ये खोली त्यांची असते, दार त्यांच्या हातात असतं आणि शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो. ज्या मोठ्या माणसावर आपलं निम्मं काम अवलंबून आहे, त्याला आधी तयार करावं लागतं.

या सत्रात तक्रारीचा इतिहास घ्या. कधी सुरू झालं, दिवसातून किती वेळा, त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर घरातले काय करतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण भीती टिकवून ठेवणाऱ्या गोष्टी बहुधा तिथेच सापडतात. मुलाच्या भावनांचे घरातले शब्द लिहून घ्या. इंग्रजी माध्यमातलं मूलही घाबरल्यावर ‘पोटात गोळा येतो’ म्हणतं. मालवणी किंवा अहिराणी घरात वेगळेच शब्द असतील. बाहुलीने तेच वापरायचे.

मग सत्रातलं त्यांचं काम ठरवा. तीन-चार वर्षांच्या मुलाशेजारी मोठं माणूस बसलेलंच लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ते हाकेच्या अंतरावर असावं. दोन्ही वेळा नियम एकच: मुलाच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. ‘सांग ना ताईंना, परवा काय केलंस ते!’ हे वाक्य आलं की मूल मिटतं, त्यामुळे ते टाळायचं, हे आधीच सांगून ठेवा. घरी पाच मिनिटांची रंगीत तालीम करायला सांगा: मुलाच्या खेळात बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत, फक्त जे दिसतं ते बोलायचं. पालकांना हे फार अवघड जातं. सराव लागतो.

जागा वन रूम किचन असेल तर हे बोलणं अधिकच गरजेचं. सत्राच्या वेळी आजी देवळात जाऊ शकेल का, मोठा भाऊ खाली खेळायला जाईल का, बाबांची शिफ्ट कधी असते? घरात खासगी कोपरा नसेल तर घरात खासगी वेळ शोधायची.

4. खेळाची पिशवी

पालकांनी एका कापडी पिशवीत हे जमवायचं. जवळजवळ सगळं घरातच मिळतं:

- हातात घालायच्या बाहुल्या म्हणून दोन जुने मोजे, डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेले (चिकटवलेली बटणं लहान मुलं तोंडात घालतात)
- खडू, कोरे कागद
- मळलेली कणीक किंवा क्ले
- चार-पाच प्राणी, एक गाडी, भातुकलीतली थोडी भांडी, घरातल्या माणसांसाठी लहान बाहुल्या
- झाकणाचा एक डबा, काळजीपेटी म्हणून (मनातली काळजी कागदावर काढून आत ठेवायला)
- पाण्याच्या बाटलीची पाच झाकणं आणि एक स्टीलची वाटी
- साबणाच्या पाण्याचे फुगे

असेच दोन मोजे आणि अशीच झाकणं तुमच्याकडेही हवीत (माझ्या मोज्याच्या सशाचं नाव ससोबा). पिशवी फक्त सत्राच्या वेळी उघडायची. आणि पालकांना बजावून सांगा: शिक्षा म्हणून पिशवी काढून घ्यायची नाही, किंवा ‘ससोबाला सांगेन हं तू काय केलंस’ अशी धमकी द्यायची नाही. बाहुली एकदा घरातली पोलीस झाली की तिच्याशी मूल खरं बोलत नाही.

5. कॅमेरा आणि आवाज

मुलाकडचा फोन आडवा, खाली जमिनीजवळ, डब्याला टेकवून ठेवायचा. चेहऱ्यापेक्षा हात आणि जमीन दिसणं महत्त्वाचं, कारण खेळ तिथे होतो. मुलाच्या बाजूला स्वतःची छबी लपवून टाका, नाहीतर अर्धं सत्र तोंडं वेडावण्यात जातं.

तुमच्या बाजूला आभासी पार्श्वभूमी किंवा धूसर पार्श्वभूमी ठेवू नका. सॉफ्टवेअरला बाहुली माणूस वाटत नाही, त्यामुळे मोज्याचा ससा मध्येच अर्धा गायब होतो आणि मूल दचकतं. मागे साधी भिंत, समोरून उजेड, एवढं पुरतं.

आवाज थोडा उशिरा पोचतो. त्यामुळे एकत्र गाणं म्हणणं, एका ठेक्यात टाळ्या वाजवणं जमत नाही. आळीपाळीचे खेळ घ्या. बाहुलीने प्रश्न विचारला की मनात तीन अंक मोजून थांबा. मूल बोलायच्या बेतात असतं आणि आपण घाईने पुढचं वाक्य टाकतो.

झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटांनी कॉल तुटतो. सत्र 30 मिनिटांचं ठेवा. कॉल मध्येच तुटला तर कोण कोणाला फोन करणार, ते मुलालाही सांगून ठेवा: ‘ताई गेल्या तर आई फोन उचलेल आणि ससोबा त्यावरून बोलेल.’ हे ठाऊक असलेलं मूल रडत नाही.

6. पहिली दोन-तीन सत्रं: ओळख आणि अंदाज

प्रत्येक सत्राची सुरुवात एकाच खेळाने करा. ससोबाला खोली दाखवायची. मूल फोन हातात घेऊन फिरवतं, पलंगाखाली दाखवतं, दाराआड दाखवतं. मुलाची भीड चेपते आणि खोलीत कोण कोण आहे हे तुम्हालाही कळतं. पालकांना विचारून त्या दिवशीचा पत्ताही पक्का करा, कारण सुट्टीत मूल मामाकडे असतं आणि आपल्या कागदावर जुनाच पत्ता असतो.

अर्ध्या तासाची माझी मांडणी साधारण अशी असते: पाच मिनिटं ओळखीचा खेळ, आठ-दहा मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ, दहा-बारा मिनिटं आपण ठरवलेलं काम, शेवटी निरोप. त्यानंतर मूल दुसऱ्या खोलीत गेल्यावर पालकांशी दहा मिनिटं. मुलाच्या मर्जीचा भाग कापू नका. ऑनलाइनमध्ये तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते तिथेच उघड होतं. आपण ठरवलेला भागही या माहितीवर उभा राहतो.

अंदाज घेण्यासाठी बाहुल्यांची वाक्यपूर्ती चांगली चालते. तुमच्या दोन बाहुल्या आधी वाक्य पुरं करतात: ‘मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती... कुत्र्याची’, ‘मला... अंधाराची’. मग मुलाच्या हातातल्या बाहुलीची पाळी. आपल्या बाहुल्यांची उत्तरं मुलाच्या तक्रारीपासून लांबची ठेवा, नाहीतर मूल आपलंच उत्तर परत देतं.

7. मधली सत्रं: कुकरच्या शिट्टीचं उदाहरण

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सहा वर्षांची मुलगी. कुकर गॅसवर चढला की कानांवर हात, मग रडणं, मग शेजारच्या काकूंकडे पळ. आईने ती शाळेत असताना स्वयंपाक उरकायला सुरुवात केली. घरात शांतता झाली, पण सुट्टीच्या दिवशी भीती दुप्पट होऊन आली, कारण शिट्टी होऊनही काही वाईट घडत नाही हे मुलीला कधी कळलंच नाही.

आधी भीती मोजायला शिकवलं. ‘भीती किती? तेवढी झाकणं वाटीत टाक.’ झाकणं कॅमेऱ्यासमोर मोजता येतात आणि वाटीत पडल्याचा खणखणाटही ऐकू येतो. कुकर म्हटल्यावर पाचही झाकणं वाटीत गेली.

मग माझ्या ससोबाला भीती वाटली. ससोबा मोज्यात तोंड लपवून म्हणाला, ‘मला नाही आवडत शिट्टी. शिट्टी झाली की काय होतं माहितीये?’ आणि गप्प बसला. मुलीने तिच्या मोज्याच्या तोंडून सांगितलं, ‘मग कुकर फुटतो.’ आईला हे माहीतच नव्हतं. ती मोठ्या आवाजाची भीती समजत होती.

विचार सापडल्यावर रस्ता सोपा झाला. आईने थंड, रिकामा कुकर आणला. झाकणावरची शिट्टी काढून मुलीच्या हातात दिली, वाफेचं छिद्र दाखवलं. ससोबाने शंका काढल्या, मुलीने त्याला समजावलं. त्यातून तिचं स्वतःचं वाक्य तयार झालं: ‘शिट्टी म्हणजे वाफ चालली बाहेर.’ असं वाक्य छोटं हवं, खरं हवं आणि मुलाच्या तोंडचं हवं. ‘काहीही होणार नाही’ असलं वाक्य देऊ नका. ते खोटं ठरलं की सगळ्यावरचाच विश्वास जातो. श्वासासाठी ‘गरम वरणभातावर फुंकर’ ठेवली: नाकाने वास घ्यायचा, तोंडाने हळू फुंकायचं.

पुढे भीतीची शिडी, अशी:

- कुकरचं चित्र काढणं
- थंड कुकरशी भातुकली
- मुलगी स्वतः कुकर होऊन तोंडाने शिट्टी देते, ससोबा घाबरतो, ती त्याला धीर देते
- फोनवरचं रेकॉर्डिंग, आवाज कमी-जास्त करायचं बटण तिच्या हातात
- खरा कुकर, स्वयंपाकघराचं दार बंद, ती बाहेरच्या खोलीत आजीजवळ
- दार उघडं
- शेवटी उंबऱ्यापर्यंत. गॅसजवळ कधीच नाही, ही लहान मुलांसाठी योग्य सावधगिरी आहे आणि ती शिडीचा भाग नाही, हे पालकांना स्पष्ट सांगा.

वाटीतली झाकणं दोनवर आली आणि पुढच्या सत्रातही दोनवरच राहिली, की वरची पायरी. अडलं तर दोन पायऱ्यांमध्ये एक नवी पायरी घाला.

इथे ऑनलाइनचा मोठा फायदा दिसतो. क्लिनिकमध्ये मला रेकॉर्डिंगवर थांबावं लागलं असतं. घरी कुकर खरा, स्वयंपाकघर खरं, डाळ खरी. अंधारा पॅसेज, संडासातला फ्लश, एकट्याने झोपायची खोली, हे सगळंही तिथेच असतं.

दोन तांत्रिक गोष्टी लक्षात ठेवा. कुकर कधी चढवायचा ते आईला आधी सांगा, नाहीतर पहिली शिट्टी निरोपाच्या वेळी होते आणि भीती उतरायला वेळच उरत नाही. दुसरी, व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर आजूबाजूचा आवाज गाळतं. मुलीने कान झाकले तरी आपल्याला शिट्टी ऐकू आलेली नसते. मुलाच्या बाजूच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज चालू करा, किंवा आजीला बोट वर करायला सांगा.

कौतुक नेमकं हवं. ‘शिट्टी झाली तरी तू जागेवर बसून फुंकर घातलीस’ हे वाक्य कामाचं, ‘शहाणी बाई ती’ यातून तिला काही कळत नाही. स्टिकर प्रयत्नाला द्यायचा. भीती वाटली नाही म्हणून दिला तर मूल पुढच्या वेळी झाकणं लपवतं. आणि शेजारच्या मुलाशी तुलना अजिबात नको.

घरी करायचा सराव एकच द्या, तोही लिहून. तीन दिले की एकही होत नाही.

8. नेहमीच्या अडचणी

मूल उठून जातं: जाऊ द्या. ससोबाने मोठ्याने स्वतःशी खेळत राहायचं. बहुतेक मुलं मिनिटभरात डोकावतात. पालकांनी ओढून आणून बसवायचं नाही. सलग दोन सत्रं हेच झालं तर वेळ बदला, सत्र वीस मिनिटांचं करा. भूक आणि झोप आधी तपासा.

मूल कॅमेरा बंद करतं किंवा पालथा ठेवतं: यातूनही मूल काहीतरी सांगतच असतं. ‘ससोबाला आता दिसत नाही, पण ऐकू येतंय,’ असं म्हणून थांबा. काही मुलं अशीच सगळ्यात महत्त्वाचं बोलतात.

मूल फोनवरचा गेम मागतं: सत्राचा फोन गेमचा नसावा. घरात एकच फोन असेल तर सत्रापुरत्या सूचना बंद ठेवा.

मूल अचानक गप्प होऊन दाराकडे बघतं: विषय लगेच बदला, चित्र काढायला घ्या, आणि खोलीत कोण आलं ते नंतर पालकांना वेगळं विचारा. हे वारंवार होत असेल तर पहिल्या टप्प्यातला प्रश्न पुन्हा हातात घ्या. कदाचित या मुलाला प्रत्यक्ष भेटीची गरज आहे.

9. समारोप

शेवटची तीन सत्रं आधीच जाहीर करा. ऑनलाइनमध्ये बटण दाबलं की माणूस नाहीसा होतो, म्हणून निरोप हळू घ्यावा लागतो. कागदावर तीन गोल काढा, दर सत्राला मुलाने एक रंगवायचा. या सत्रांत शिकलेलं दुसरीकडे वापरून बघा: कुकरचं वाक्य मिक्सरच्या आवाजाला, फटाक्यांना कसं लावायचं, ते मुलानेच ससोबाला शिकवायचं.

पालकांना एक पानभर लिहून द्या: काय शिकलो, भीती परत आली तर शिडीच्या कोणत्या पायरीपासून सुरू करायचं आणि तुम्हाला कधी कळवायचं. आजारपणानंतर, घर बदलल्यावर किंवा लांब सुट्टीनंतर भीती डोकं वर काढते, हे आधीच सांगितलं तर पालक घाबरत नाहीत. मोजे मुलाकडेच राहतात. महिन्याभराने पंधरा मिनिटांचा एक कॉल ठेवा आणि त्याची तारीख शेवटच्या सत्रातच पालकांच्या फोनमध्ये टाकून घ्या.